मुंबईहून शिडाने खाली. वर येताना विमान की पुन्हा शीड?

दिवाळी झाली की दरवर्षी कोणी ना कोणी मला हे विचारतं. शिडाच्या बोटीने मुंबईहून मालवण किंवा गोव्यापर्यंत जायचं नक्की झालंय, बोट मिळाली, तांडेल (बोट चालवणारा मुख्य खलाशी) मिळाला, सुट्टीही मिळाली. अडतंय ते परतीवर. तिथे उतरून छोट्या विमानाने घरी यायचं, की त्याच बोटीने वर यायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. एका वर्षी आम्ही पाच जण शिडानेच गेलो आणि शिडानेच आलो. नंतर एका वर्षी मालवणला बोट सोडली आणि जवळच्या चिपी विमानतळावरून एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाने पुण्याला आले. पैसा आणि रजा यांचा हिशेब पुढे करूच, पण निम्मं उत्तर वाऱ्याकडे असतं. सुरुवात तिथून करते.

जाताना वारा तुमचा असतो

थंडीच्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर रोज दोन वारे वाहतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई येतो, थंड आणि बेताचा. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, तासभर समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होतो. मग वायव्येकडून वारा उठतो, तीन-चारपर्यंत चांगला जोर धरतो आणि दिवेलागणीनंतर ओसरतो. मुंबईहून गोवा जवळजवळ दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे कललेला. म्हणजे खाली जाताना दुपारचा वारा मागून, उजव्या खांद्यावर येतो. बोटीला याहून सुखाचा वारा नाही. शीड भरलेलं, लाटा पाठीमागून येऊन बोटीला उचलून पुढे ठेवतात, कप कलंडत नाही.

मुंबई ते गोवा समुद्रातून साधारण २२० सागरी मैल, म्हणजे चारशे किलोमीटर. पाच नॉटचा, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांचा, वेग धरला तर न थांबता दोन दिवसांत गोवा येतं. पण तसं जाऊ नका. मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम घेतले तर रोज तीस ते पंचेचाळीस मैल पडतात आणि सहा दिवस लागतात. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांतले चार याच वाटेवर ओळीने भेटतात: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जमिनीवरून हे किल्ले पाहिलेल्या माणसाला ते समुद्रातून ओळखूही येत नाहीत, इतका फरक आहे. सुवर्णदुर्गाचा तट पाण्यातून सरळ वर उठलेला दिसतो आणि दरवाजा कुठे आहे ते बोट अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. तो बांधणाऱ्यांनी आपल्याकडे, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्याकडे, बघूनच तो बांधलाय.

भरती-ओहोटीचं गणित मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावं लागतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याला जेमतेम दोन मीटर. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. दीड-दोन मीटर बुडणारी बोट असेल तर भरतीच्याच वेळेला आत शिरायचं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, निघालात तर उत्तरेकडचे पहिले दोन मुक्काम सोपे जातात.

येताना तोच वारा तोंडावर

आता बोट वळवा. वायव्येचा वारा नाकासमोरून येतो. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही, तिला तिरकं जावं लागतं: काही वेळ उत्तरेला, मग किनारा जवळ आला की पश्चिमेला खोल समुद्रात, मग पुन्हा उत्तरेला. २२० मैलांचे पावणेतीनशे-तीनशे मैल होतात. वेग कमी होतो, बोट एका कुशीवर कलून राहते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रत्येक लाटेवर आपटते. खाली चहा करणारा माणूस एका हाताने चुलीपाशी आणि एका हाताने दांड्याला धरून उभा असतो. ज्यांना जाताना अजिबात बोट लागली नाही, त्यांना येताना लागते.

आम्ही पहिल्या दिवशी मालवणहून दुपारच्या वाऱ्यात निघायची चूक केली. पाच तास झगडून देवगडचं दीपगृह काही मागे पडेना. संध्याकाळी तांडेलकाका शांतपणे म्हणाले, “ताई, जुनी गलबतं काय दुपारी वर जायची का? झोपा आता. दोन वाजता उठवतो.” रात्री दोनला नांगर उचलला. मतलई सुरू झालेला. पूर्वेकडून, म्हणजे आडवा येणारा वारा, आणि आडवा वारा जाताना जितका कामाचा तितकाच येताना. किनाऱ्यापासून दोन-तीन मैल ठेवून आम्ही सकाळी दहापर्यंत वर सरकलो आणि वायव्येचा वारा उठायच्या आत विजयदुर्गच्या खाडीत शिरलो. त्यानंतर सगळा परतीचा प्रवास असाच केला: रात्री दोनला निघायचं, सकाळी खाडीत शिरायचं, दुपारी झोपायचं. अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांतली एक पहाट मी कधीच विसरणार नाही. जानेवारीचा शेवट होता. विजयदुर्ग सोडून अंधारात जात होतो. किनारा दिसत नव्हता, फक्त दूरवर एखाद-दुसरा दिवा. आणि अचानक वाऱ्यावर आंब्याच्या मोहोराचा वास आला. दोन मैल समुद्रात! मग थोड्या वेळाने चुलीच्या धुराचा, मग शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीचा. सुकाणूवर मी एकटी होते. गाव दिसायच्या आधी गाव नाकाला कळलं. खाली जाताना हे होत नाही, कारण त्या वेळेला आपण नांगरावर झोपलेलो असतो आणि चाल दुपारी, समुद्राकडच्या वाऱ्यावर होते. विमानाने परत येणाऱ्याला हे मिळत नाही, आणि त्याची भरपाई विमान करू शकत नाही.

रात्री चालण्याचा दुसरा चेहराही सांगायला हवा. मासेमारीची जाळी. दाभोळच्या वर तर खुंटाला बांधलेली डोल जाळी फार. जाळ्यांच्या बोयांवर छोटा दिवा असला तर असला. हर्णैच्या अलीकडे वारा पूर्ण पडला म्हणून आम्ही इंजिन लावलं आणि दहा मिनिटांत धडधड होऊन ते बंद पडलं. पंख्यात जाळं. उजाडेपर्यंत नुसते तरंगत राहिलो. उजाडल्यावर तांडेलकाका कमरेला दोरी बांधून खाली उतरले. सुरी दातांत होती, पण ती त्यांनी शेवटपर्यंत फारशी वापरली नाही. बोटांनी एकेक फेरा सोडवत बसले, पाऊण तास. वर आले तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडली होती. “कापलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं,” ते म्हणाले, “पण कुणाचा तरी हंगाम आहे तो.” परतीचा प्रवास शिडाने करणार असाल तर असा माणूस बोटीवर हवा. नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: विमानाने या.

विमानाने येणं म्हणजे नेमकं काय

सिंधुदुर्गाचा विमानतळ परुळ्याजवळ चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला. मालवणला उतरलात तर हा सोयीचा. गोव्यापर्यंत गेलात तर मोपा, म्हणजे मनोहर विमानतळ. तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात आणि मोठी विमानंही भरपूर. पण छोट्या विमानाची मजा घ्यायची तर एटीआरच घ्या. साधारण सत्तर आसनं, दोन पंख्यांची इंजिनं, आणि पंख खिडक्यांच्या वर. म्हणून खालची जमीन बहुतेक खिडक्यांतून मोकळी दिसते. मधल्या रांगेत बसलात तर चाक डोळ्यांसमोर वर ओढलं जाताना दिसतं. चढायचं मागच्या दाराने. सामानाची जागा पुढे, वैमानिकांच्या मागे असते.

माझं विमान दुपारचं होतं. तोच वायव्येचा वारा, या वेळेला विमानाच्या उपयोगाचा: समुद्राच्या दिशेने धावलं आणि लाल सडा संपता संपता उचललं गेलं. मग उजवीकडे कललं आणि माझ्या खिडकीत देवबागचा संगम आला. एका बाजूला कर्ली नदी हिरवी, दुसऱ्या बाजूला समुद्र निळा, मध्ये वाळूची जीभ. त्याच जागी दोन दिवसांपूर्वी आम्ही काठीने पाण्याची खोली मोजत होतो. वरून तो वाळूचा दांडा पाण्याखाली स्वच्छ दिसत होता, आम्ही कुठे चुकलो तेही. पाच-सात मिनिटांत किनारा मागे गेला, सह्याद्रीचे कडे आले आणि तासाभरात पुणं. सहा दिवस जे अंतर आपण लाट-लाट करून कापलं ते असं पायाखालून निघून जातं, तेव्हा गळा दाटतो. मला तरी दाटला. उतरल्यावर घरच्या मोरीत तोंड धुताना जमीन डोलत होती.

विमानाच्या अडचणी वेगळ्या असतात. अशा छोट्या मार्गांवरच्या फेऱ्या आठवड्यातून मोजक्याच असतात आणि वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी उडान योजनेखाली मार्गाला मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं; ते संपल्यावर फेरी टिकेलच असं नाही. म्हणून गेल्या वर्षी मित्राने घेतलेल्या विमानाच्या भरवशावर राहू नका. बोटीला वाऱ्याचा भरवसा नसतो आणि विमानाला ठरलेली वेळ असते, हे दोन्ही जुळवायला बंदरावर पोचण्याचा अंदाज आणि विमान यांत दोन मोकळे दिवस हवेतच. मी एकच ठेवला होता. विजयदुर्गला वारा न मिळाल्याने तो तिथेच गेला आणि शेवटचे वीस मैल इंजिनावर काढावे लागले.

ते दोन दिवस मालवणात वाया जात नाहीत. फक्त एक सांभाळा. तिथे बहुतेक जण स्कूबा करतात. एक डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्या. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. विमान छोटं असलं तरी हा नियम तोच.

सामानाचंही आधी ठरवा. संकटात उडवायच्या रोषणाईच्या नळ्या, गॅसच्या चुलीचे डबे विमानात चालत नाहीत. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमध्ये गॅसची नळी असते. तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. सुरी चेक-इनमध्ये, पॉवर बँक हातात. ओले दोर आणि ओले कपडे वजनाला भयंकर, आणि देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच चालतात. म्हणजे बोटीचं सगळं बोटीवरच राहू द्यायचं. कोकमाचं आगळ न्यायचं असेल तर झाकणावर टेप लावून दोन पिशव्यांत बांधा.

पैसा आणि रजा

रजेचा हिशेब सरळ आहे. शीड आणि विमान: जाताना सहा, थांबायला दोन, यायला एक, एकूण नऊ दिवस, दोन शनिवार-रविवार धरले तर नोकरदाराला जमतं. शिडानेच दोन्हीकडून: अठरा ते वीस दिवस.

पैशात मात्र लोक फसतात. बोट भाड्याची असेल तर तुम्ही विमानाने आलात तरी ती बोट परत मुंबईला यायचीच आहे. तो तांडेल, ते खलाशी, ते डिझेल, त्यांचं जेवण, हे सगळं बोटवाला तुमच्याच बिलात धरतो, आणि धरायलाच हवं. म्हणून भाव ठरवताना बोट परत नेण्याचा खर्च आत आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. बोट स्वतःची असेल तर परतीला येणाऱ्या खलाशांना किती दिवस लागतील याचा खोटा अंदाज देऊ नका. ते तोंडावरच्या वाऱ्यात येणार आहेत, तुमच्यासारखे पाठीवरच्या नाही.

कधी, आणि कोणी काय निवडावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोन्याचे. नोव्हेंबरमध्ये हवामान खात्याचं रोजचं पत्रक बघूनच निघा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं आणि कोळीवाड्यांत त्याची आठवण अजून निघते. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणून शिडाने वर यायचं तर तेव्हाच. मार्चच्या मध्यापासून दुपारचा वारा इतका वाढतो की खाली जाणंही धसमुसळं होतं. निघण्याआधी बंदर खातं आणि सागरी पोलिसांना कळवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक बोटीवर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पहिल्यांदा जाणारे, मुलं बरोबर असलेले, पाठदुखीवाले, आणि ज्यांना आईवडिलांना एकदा सिंधुदुर्ग समुद्रातून दाखवायचाय ते: शिडाने खाली, एटीआरने वर. यात काही कमीपणा नाही. उलट किनारा दोन उंचींवरून बघायला मिळतो.

शिडाची बोट शिकायची आहे, पुढेमागे स्वतःची घ्यायची आहे, त्यांनी एकदा तरी वर यावं. उतरताना वारा सगळं करतो. बोट काय असते ते मला परतीत कळलं.

आणि दोन्हींच्या मध्ये अडकलेल्यांसाठी माझी एक जोड: खाली जा, मग तीच बोट पकडून मालवण ते विजयदुर्ग एवढाच टप्पा रात्री दोनला उठून मतलईवर वर या. तीसेक मैल, एक पहाट. विजयदुर्गहून गाडीने चिपी गाठा आणि विमान घ्या. माझ्या बहिणीला मी यंदा असंच नेणार आहे. तिचं विमानाचं तिकीट काढलंय, आणि फेरी रद्द झालीच तर हाताशी असावं म्हणून दुसऱ्या दिवशीचं कुडाळहून कोकण रेल्वेचंही.