घाण्याचं रेपसीड तेल: तळायला नको, वरून घालायला उत्तम

रिफाइंड कॅनोला (म्हणजे रेपसीडच्याच सुधारित वाणांचं तेल) वापरून ज्यांनी या तेलाला चवच नाही असं ठरवलंय, त्यांनी घाण्यावर काढलेलं रेपसीड तेल एकदा चाखून बघावंच. वरून घालायला मी आता दुसरं तेल घेत नाही.

रंग गडद सोनेरी. चमचाभर नुसतं तोंडात घ्या: आधी अक्रोडासारखी चव लागते, मग मागाहून कोबीच्या पानाचा हिरवट वास येतो. येणारच, कारण कोबीवर्गातल्या दोन जातींच्या संकरातून हे पीक तयार झालंय. मोहरीही याच कुळातली, पण तिच्या तेलासारखं हे नाकात जात नाही. गरम उकडलेल्या बटाट्यावर मीठ आणि हे तेल, बस्स. बटाटा तेल पिऊन पिवळा होतो आणि वाफेबरोबर वास वर येतो, तेव्हा याची खरी किंमत कळते.

तळणीला मात्र रिफाइंडच वापरा. त्यातली चव, रंग, वास सगळं काढून टाकलेलं असतं, पण ते चांगलं तापतं. घाण्याचं तेल मोठ्या आचेवर लवकर धुरावतं आणि कडवट होतं.

‘रेपसीड खाण्याजोगं नसतं’ हे अजून ऐकू येतं. जुन्या वाणांत इरुसिक आम्ल हे अपायकारक मानलं जाणारं मेदाम्ल भरपूर असायचं, त्यामुळे ती शंका रास्त होती. कॅनडात बाल्डर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी या पीक-संशोधकांनी वाणांची निवड करत करत ते कमी केलं. १९७४ साली आलेल्या ‘टॉवर’ वाणात पेंडीतली उग्र द्रव्यंही घटली, म्हणजे गुरांचीही सोय झाली. कॅनोला म्हणायचं तर इरुसिक आम्ल २ टक्क्यांच्या आतच हवं. संपृक्त चरबी जेमतेम ७ टक्के, शिवाय ९-१० टक्के ओमेगा-३. एवढं चांगलं तेल निव्वळ जुन्या भीतीपोटी टाळलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

याच ओमेगा-३ मुळे ते उजेडात आणि उष्णतेत लवकर खवट होतं. म्हणून मी घेतलेल्या बाटलीबद्दल तक्रार आहे: पारदर्शक काच आणि तेल कधी काढलं त्याची तारीखच नाही. उत्पादकांनी एवढं तरी छापावं. तुम्ही घ्याल तेव्हा गडद काचेची, लहान बाटली घ्या आणि फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. तळाशी थोडा गाळ दिसला तर चालतो, जुन्या ऑइलपेंटसारखा वास आला तर नाही.