पाच नंबर बीचवरचा सूर्यास्त

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून डिसेंबरात अंदमानला जायचं ठरलं. तिथलं स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक. हॉटेल मी शोधलं होतं, म्हणून हे लिहितेयही मीच.

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, 'मिनिमल लक्झरी'. फोटोत पांढरी भिंत, बुटका लाकडी पलंग, एक स्टूल आणि पडद्याआडून समुद्र. बस्स. कोथरूडच्या आमच्या घरात कपाटावर बॅगा आणि बॅगांवर गाद्या. ती रिकामी खोली बघूनच जीव निवला. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "आमच्या शनवारातल्या वाड्यात माजघर असंच होतं गं. याचे चौदा हजार?" आम्ही हसलो.

वेबसाइटही तशीच. नीट पत्ता नाही, लँडलाइन नाही, खोल्या किती तेही नाही. एरवी मी पार्लरचं रेटकार्डसुद्धा दोनदा वाचते. इथे मात्र काही न लिहिणं ही मला त्यांची अभिरुची वाटली. ती खोली बालीतली असेल, नाहीतर वाघोलीतल्या एखाद्या सँपल फ्लॅटमधली. पांढऱ्या भिंतीवरून काय ओळखणार?

चार रात्रींचे ५६,००० आणि १२ टक्के जीएसटीचे ६,७२०. निम्मे ऑक्टोबरात यूपीआयने भरले, निम्मे नोव्हेंबरात. निघायच्या आदल्या दिवशी आणखी ८,५०० 'रिफंडेबल डिपॉझिट'. पैसे पाठवताना हॉटेलचं नाव न येता कुणा माणसाचं आलं. विचारलं, तर म्हणे, "मॅडम, ते आमचे अकाउंट्स मॅनेजर." मी स्वतः १८ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. गिऱ्हाइकाचे पैसे मॅनेजरच्या खात्यात घेणारी कंपनी मी आजवर पाहिलेली नाही, तरी पिन टाकला.

आणि ती पावती! दिवसाला साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला जीएसटी १८ टक्के लागतो. १२ टक्के बघून मला उलट बरं वाटलं, तीन हजार वाचले म्हणून. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, अंदमानचे ३५. खोलीवरचा कर हॉटेल जिथे असेल तिथला, म्हणजे नोंदणीही तिथलीच हवी. माझ्या पावतीवर सुरुवात ०८ ने, म्हणजे राजस्थान! पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. ऑफिसात मी हे रोज करते, आणि एखाद्या व्हेंडरचं असं बिल आलं असतं तर त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि पुढे फेरी. जेट्टीवर रिक्षावाल्याला फोटो दाखवला. खाली लिहिलेलं, पाच नंबर बीच, खोलीतून दिसणारा सूर्यास्त. त्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आमच्या बॅगांकडे. "मॅडम, पांच नंबर पे सूरज डूबता नहीं, निकलता है. डूबता है सात नंबर पे, राधानगर." त्या नावाचं हॉटेलही त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मोबाइल लावला तर बंद.

तिथेच बसून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. रेंज येत-जात होती, तीन वेळा कट झाला. हा नंबर लगेच लावला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडकवता येतात. माझे ८,५०० तेवढे अडकले, आधीचे गेले. बँकेने हात वर केले, तुम्हीच पाठवलेत म्हणे. पुण्याला परतल्यावर शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी यूटीआर, म्हणजे बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेले क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट मागितले. जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे नव्हता, आणि पान तोवर गायब झालं होतं.

त्या दिवशी रिक्षावाल्याने आम्हाला बाजाराजवळच्या एका लॉजवर नेलं. सीझन असल्याने एकच खोली उरली होती. भिंती हिरव्या, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गेल्या वर्षीचं बंगाली कॅलेंडर, खिडकीसमोर पाण्याची टाकी. नवरा म्हणाला, "स्टूल नाहीये गं." पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या विनोदावर मला रडू आलं. चौथ्या दिवशी मालकाने बिल दिलं. रक्कम नंतर पाहिली, आधी जीएसटी क्रमांक. ३५.