पांघरूण घालणं, पुरावा नष्ट करणं आणि दाते-कर्वेंचा कोश (ऑनलाइन)

वाक्प्रचाराचा अर्थ शोधताना पहिली दिसली ती लिंक उघडून गप्प बसू नका, दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे तो वापरा, फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. १९३२ ते १९३८ मध्ये सात भागांत आलेला कोश आणि १९५० ची पुरवणी, हे सगळं घरबसल्या शोधता येतं म्हणजे मला तर सोनंच वाटतं.

याच्यासमोर वाक्प्रचारांचं एक अॅप ठेवून बघितलं. त्यात ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ याचा अर्थ चक्क ‘पुरावा लपवणे’ दिलाय! अहो, त्यात गुन्हा कुठे आला? मागायला तर आलाय पण तोंडाने बोलायचा संकोच, म्हणजे लपतोय तो हेतू. पुराव्याच्या जवळ जाणारा वाक्प्रचार म्हणजे पांघरूण घालणं, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चुकांवर. पोराने गल्ल्यातले पैसे उचलले आणि आईने स्वतःचे भरून हिशोब जुळवला, की आईने पांघरूण घातलं. यात माया असते, कधी संगनमतही असतं. सारवासारव त्याच्या नंतरची, पकडलं गेल्यावर तोंडाने करायची. आणि ‘पुरावा नष्ट करणे’ ही सरळ कायद्याची भाषा, आधी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम २०१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २३८. बातमी लिहिताना हे तिन्ही एकाच अर्थाने वापरतात तेव्हा फार खटकतं, कारण कोणी काय केलं हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

कोशात हे वाक्प्रचार मूळ शब्दाच्या नोंदीत ‘वाप्र.’ असं लिहून येतात, म्हणून पूर्ण वाक्प्रचार टाकण्यापेक्षा नुसतं ‘पांघरूण’ टाका आणि खाली वाचत जा, एकाच शब्दाचे बाकीचे उपयोगही दिसतात, हे मला सगळ्यात आवडलं.

उणीव म्हणाल तर आजच्या वापराची उदाहरणं नाहीत, संक्षेप खूप आहेत आणि लेखन जुनं आहे, त्यामुळे एखादं क्रियापद सापडलं नाही तर शेवटी अनुस्वार देऊन बघा, ‘दडपणे’ नाही तर ‘दडपणें’. स्पर्धा परीक्षावाल्यांनी आणि बातम्या लिहिणाऱ्यांनी तर हा बुकमार्क करूनच ठेवावा, पाचपैकी साडेचार स्टार.