कॅप्शन: नोंदवजा की वर्णनपर?

विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन संग्रहालयात वारली लग्नचौकाचे (वारली आदिवासींच्या घरात लग्नावेळी भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकोनी चित्राचे) छायाचित्र ठेवायचे झाल्यास कॅप्शन दोन प्रकारे लिहिता येते. नोंदवजा कॅप्शनमध्ये चित्रकार, काळ, माध्यम आणि आकार एवढेच येते. ती तपासायला सोपी असते आणि पडद्यावर हरवणारा आकार तिच्यामुळेच कळतो, म्हणून मापे कधीही गाळू नयेत. मात्र परंपरेने सुवासिनींनी भिंतीवर काढलेल्या या चित्राखाली ‘चित्रकार अज्ञात’ एवढेच लिहिले, तर त्या स्त्रियांचे श्रेयच पुसले जाते.

वर्णनपर कॅप्शन पाहणाऱ्याची नजर चित्रात नेते: गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, नक्षीदार चौकटीच्या मधोमध पालघट ही सुफलतेची देवी आणि लग्नविधीशी असलेले चित्राचे नाते. असे लिहिण्यासाठी विद्यार्थ्याला चित्र खरोखर निरखावे लागते. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे मात्र कटाक्षाने टाळावीत, कारण त्यांतून चित्रातले काहीच दिसत नाही.

2011 मध्ये पद्मश्री मिळालेल्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या कागदावरील चित्राला नोंद बरीचशी पुरते. लग्नचौकाला माझ्या मते वर्णनच हवे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत नोंद.