गेमच्या जुन्या खोक्याला रंग रोलरनं की स्प्रे गननं? चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

लातूरच्या ट्यूशन एरियात माझ्या मेव्हण्याचं ज्यूस सेंटर आहे. तिथल्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेमची तीन जुनी मशीनं उभी आहेत. तिन्ही मी दुरुस्त केली आणि तिन्हींना वेगवेगळ्या पद्धतीनं रंग दिला. हे काही ठरवून झालं नाही. पहिल्या वेळी पैसे नव्हते, दुसऱ्या वेळी हौस होती आणि तिसऱ्या वेळी हट्टाला पेटलो होतो. पहिलं मशीन बसवून चौदा महिने झाले, दुसरं बसवून अकरा आणि तिसरं बसवून आठ. अकरावी-बारावीची पोरं क्लास सुटला की येतात, कोपरं टेकतात, दप्तरं घासतात, उसाचा रस सांडतात. रंग टिकतो की नाही हे बघायला याहून वाईट जागा मला मिळाली नसती.

नेटवर बघाल तर जुन्या मशीनचे फोटो बहुतेक अमेरिकेतले दिसतील. १९८० च्या पॅक-मॅनचं पिवळं खोकं, बाजूला स्टेन्सिलनं मारलेली चित्रं. ते बघून माझ्याही डोक्यात बसलं होतं की जुनं मशीन नवं करायचं म्हणजे गाडीसारखं चकचकीत करायचं. पण त्यातल्या बऱ्याच खोक्यांचा काळा भाग मुळात आरशासारखा नव्हताच, त्याला बारीक दाणेदार पोत असायचा. आणि आपल्याकडची मशीनं तर गावातल्या सुताराच्या हातची. १९ एमएमचा कमर्शियल प्लाय, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, बाहेर सनमायका नाहीतर बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं मारलेला ऑइल पेंट. माझ्या तिघांपैकी दोन तर सिद्धेश्वराच्या यात्रेत तंबूत लागायची. कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा गेम आपण सगळ्यांनी त्यातल्या एका पात्राच्या नावानं, 'मुस्तफा' म्हणूनच खेळला. त्याचं खरं नाव पोरांना आजही सांगून पटत नाही.

रंगाच्या आधीचं काम थोडक्यात सांगतो. पिक्चर ट्यूब टीव्ही मेकॅनिककडूनच काढून घ्या. बंद मशीनमध्येही तिच्यात करंट साठून राहतो, तिथं हुशारी नको. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ऑइल पेंटमध्ये शिसं असणारच असं धरून चालायचं. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पाणी आणि तोंडावर चांगला मास्क. आता ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथं खोकं घासायला बादल्या ओतणं घरात कुणाला पटत नाही. मी एकच बादली आणि स्पंज घेऊन बसायचो आणि बोलणी खायचो. खालचा सहा इंच भाग तिन्ही खोक्यांचा फुगलेला होता. वर्षानुवर्षं फरशी पुसतानाचं पाणी तिथंच मुरतं. एकाला वाळवीही होती. तेवढा प्लाय कापून नवा जोडला आणि कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन जास्तीचे हात दिले.

पहिलं मशीन रोलरनं. गल्लीतले रंगारी मामा पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर घरं रंगवायला लागले. मी ब्रश घेऊन बसलेला बघून म्हणाले, "काय करूलालास? ब्रशच्या रेघा जन्मभर बघत बसशील." त्यांनी चार इंची फोमचा रोलर आणायला लावला. गंजगोलाईच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सिंथेटिक एनॅमलमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या ऑइल पेंटमध्ये, थोडं टर्पेंटाइन घालायचं, रोलर ट्रेमध्ये पिळून घ्यायचा आणि शेवटी रंग न लावता रिकामा रोलर वरून खाली एकाच दिशेनं हलकाच फिरवायचा. जोरात फिरवला की फोममधून बुडबुडे येतात. रंगाच्या दोन हातांच्या मधे ३२० नंबरचा वॉटर पेपर. असे चार हात झाले.

मी हे काम एप्रिलमध्ये काढलं, हा माझा गाढवपणा. दुपारी बेचाळीस डिग्रीत रंग पसरायच्या आधीच वरून सुकतो आणि आतले बुडबुडे तसेच अडकतात. पहिली बाजू पूर्ण घासून परत केली. मग पहाटे साडेपाचला उठायला लागलो. जमिनीवर पाण्याचा सडा मारायचा म्हणजे धूळ बसते, खिडकी लावून घ्यायची आणि आठच्या आत हात संपवायचा. रात्री ट्यूबलाइट लावून काम करू नका. एवढी चिलटं चिकटली होती की मामा म्हणाले, "तिळाची चिक्की केलास की रे!"

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगितलं नाही. डब्यावर लिहिलेली सुकण्याची वेळ ही हात लावण्यापुरती असते. ऑइल पेंट नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतपर्यंत कडक होतो आणि त्याला आठवडे लागतात. मी पाचव्या दिवशी काच बसवली, बटणं लावली आणि मशीन दुकानात नेलं. पोरांची कोपरं चिकटायला लागली. एकाच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर काळा पट्टा आला, त्याची आई दुकानात येऊन मेव्हण्याला बोलून गेली. स्क्रीनची काच तर अशी बसली की महिन्याभरानं काढताना रंगाचा पापुद्राच निघाला. तेवढा भाग पुन्हा करावा लागला. त्यानंतर मात्र चार-पाच आठवड्यांत रंग दगडासारखा झाला. आज चौदा महिन्यांनी कंट्रोल पॅनेलच्या कडेला, जिथं मनगटं घासतात, तिथं चकाकी उतरलीय, पण प्लाय कुठंही दिसत नाही.

एक खोट आहे. वरच्या पाटीच्या बाजूंना मी पांढरा पट्टा मारला होता. खिडकीकडचा पट्टा अजून बराचसा पांढरा आहे आणि भिंतीकडचा पिवळट पडलाय. मला वाटायचं रंग उन्हानं पिवळा पडतो. पांढऱ्या ऑइल पेंटचं उलट असतं, तो अंधारात जास्त पिवळा पडतो. पांढरं हवं असेल तर पाण्यातलं अॅक्रिलिक एनॅमल घ्या.

दुसरं मशीन स्प्रे गनवर. पहिल्याचा त्रास आठवून मी दुसरं खोकं गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजात टाकलं. ड्युको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. अर्ध्या तासात हाताला सुकतो, धूळ बसायला वेळच मिळत नाही, म्हणून मन तिकडं गेलं. चूक माझीच होती. एका बाजूचा जुना ऑइल पेंट मी नीट काढला नव्हता, नुसता खरवडून दिला होता. एनसीचा थिनर तेज असतो. तो खालच्या ऑइल पेंटमध्ये घुसला आणि डोळ्यांदेखत रंग सुरकुतला, तापवलेल्या दुधावरची साय ओढल्यासारखा. गॅरेजवाले चाचा शांतपणे म्हणाले, "पूरा निकालो, भाई." पूर्ण बाजू प्लायपर्यंत उघडी करून पुन्हा रंगवली, मजुरी डबल. उलटं चालतं, एनसीवर ऑइल पेंट बसतो. पण ऑइल पेंटवर एनसी मारायचा विचारही करू नका.

त्यात पावसाळा सुरू झालेला. दमट हवेत एनसी सुकताना पांढुरका पडतो, त्यासाठी हळू सुकणारा रिटार्डर थिनर घालावा लागतो. चाचांना ते माहीत होतं म्हणून निभावलं. अकरा महिन्यांनी हे मशीन लांबून तिघांत देखणं आहे आणि जवळून सगळ्यात दुबळं. कडांना टवके उडालेत. एका पोरानं वरचा भाग सॅनिटायझरनं पुसला, तिथं धुरकट डाग पडला. एक गोष्ट मात्र एनसीच्या बाजूनं सांगायला हवी. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, त्यामुळं टवक्याची दुरुस्ती बेमालूम जाते. अर्थात त्यासाठी गन आणि कॉम्प्रेसर लागतो किंवा खोकं टेम्पोत घालून गॅरेजात न्यावं लागतं. सव्वाशे किलोचं धूड जिन्यावरून उतरवलेल्या माणसाला विचारा, तो डागासह जगायला तयार होतो.

तिसरं मशीन पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, तेही गननंच. दोन डब्यांचा रंग, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. लाकडावर याहून कडक काही मी पाहिलं नाही. आठ महिन्यांत नखाचा ओरखडासुद्धा नाही, रस सांडला की फडक्यानं पुसून टाकायचा. तरी मी परत करणार नाही. पहिलं कारण त्याचा फवारा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं की कायमचा दमा लागू शकतो. गॅरेजातला पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा होता. मी दुसऱ्या दिवशी त्याला कार्ट्रिजचा मास्क नेऊन दिला. तो त्यानं खुंटीला टांगून ठेवला, आणि खरं तर त्या फवाऱ्याला तोही पुरा पडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. घराच्या अंगणात हा उद्योग कुणी करू नये.

दुसरं कारण ऐकून हसाल. रंग फार चांगला झाला. चकाकी एवढी की प्लायच्या सगळ्या लाटा, सुताराच्या रंध्याचे सगळे फटकारे उघडे पडले. गन चेहरा दाखवते, त्यामुळं खालची पुट्टी आरशासारखी हवी, आणि तेवढं घासायला माझ्याकडे दिवस नव्हते. शिवाय स्क्रीनच्या भोवतीही मी हौसेनं ग्लॉसी काळाच मारायला लावला होता. डोक्यावरची ट्यूबलाइट त्यात चमकते आणि पोरं एक डोळा मिटून खेळतात. शेवटी तिथं मी हातानं मॅट काळा चढवला. त्यासाठी पीयू घासावा लागला आणि त्या दिवशी कळलं की कडकपणा हा दुरुस्तीला शाप असतो. पीयूवर पॅच मारला की त्याची कड दिसतेच.

खर्चाचं म्हणाल तर रोलरचं काम सगळं धरून दोन हजारांत बसलं, माझी मजुरी फुकट. एनसीला डबल मजुरीसकट साडेसात हजार गेले, पीयूला नऊच्या वर.

कंट्रोल पॅनेलचा पत्रा मात्र तिन्ही वेळा पावडर कोटिंगलाच दिला. संभाजीनगरला कामानिमित्त जाणं होतं, वाळूज एमआयडीसीत टाकून यायचो. पावडर भट्टीत जवळपास दोनशे डिग्रीला वितळवून बसवतात, त्यामुळं लाकडाला ते जमत नाही, पण पत्र्याला दुसरं काही लावू नका. रोज शेकडो तळहात घासून तो आजही नव्यासारखा आहे. फक्त बटणांची भोकं किंचित घट्ट होतात, गोल कानस जवळ ठेवा. स्प्रेचे छोटे डबे मी फक्त कॉइन डोअरला, म्हणजे नाणी टाकायच्या दाराला वापरले, मोठ्या फळीवर पट्टे दिसतात. सनमायकाबद्दल विचाराल तर तोही चालेल, पण मग रंगाचा प्रश्नच मिटला आणि मला रंग द्यायचा होता.

चौथं खोकं औशाजवळच्या एका गोठ्यातून आणलंय, त्याला प्रायमर झालाय. थंडीत रोलरनंच रंगवणार, आणि महिनाभर कुणालाही हात लावू देणार नाही.

परवा पहिल्या मशीनच्या बाजूला एका पोराच्या दप्तराच्या बकलनं वीतभर ओरखडा पडला. मला फोन आला नाही. संध्याकाळी गेलो तर मेव्हण्यानं उरलेल्या डब्यातला रंग रोलरनं फिरवून वर कागद चिकटवला होता, 'ओला आहे, हात लावू नये'. म्हणाला, "दाजी, दहा मिनिटं लागली. आता हे बाकीच्या दोघांचं काय करायचं ते तुम्ही बघा."