व्हेंटिलेटर सुटेना: थायरॉईड मंद की जास्त?

नाशिकच्या आमच्या आयसीयूत निफाडच्या एक आजी होत्या. न्यूमोनिया बरा झाला, तरी व्हेंटिलेटरचा आधार कमी केला की श्वास उथळ व्हायचा, कार्बन डायऑक्साइड साचायचा. आजी मात्र शांत पडून. थायरॉईड मंदावला की श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) दुबळं पडतं, मेंदूकडून येणारी श्वासाची हाकही क्षीण होते. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड मंदावला की ते वाढतं) खूप वाढलेला निघाला. थायरॉईड संप्रेरकाची गोळी कुटून नाकातल्या नळीतून, फीड (नळीतून दिलं जाणारं अन्न) थांबवून दिली. गुण यायला आठवडे लागू शकतात, हे नातेवाइकांना आधीच सांगावं.

थायरॉईड जास्त असेल तर नाडी धावते, घाम, धाप. स्नायू तिथेही थकतातच. पण मला भीती मंद थायरॉईडची जास्त, तो गप्प असतो. गंभीर आजारात टी-३ (थायरॉईडचं एक संप्रेरक) तसाही उतरतो. एकट्या त्या आकड्यावर औषध सुरू करू नये.