काळी पाच आणि प्रोसेसरचा पंखा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईचा सा काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. रोज सकाळी दोन तास ती कॉम्प्युटरवरून परगावच्या मुलींना गाणं शिकवते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात ज्या खोलीत तानपुरे असतात, त्याच खोलीत हा कॉम्प्युटर आहे. जानेवारीत ती म्हणाली, "अरे, हा डबा माझ्या सा-च्या आसपास गुणगुणतो, आणि एका जागी राहतही नाही."

मी प्रोसेसरच्या पंख्याची पाती मोजली. सात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वेग दिसत होता १००० आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ फेरे. दर फेऱ्यात सात पाती हवेला सात धक्के देतात, म्हणून त्याला सातने गुणलं की ११६.७ हर्ट्झ होतात, आणि काळी पाचचा मंद्र (खालच्या सप्तकातला) सा आहे ११६.५ हर्ट्झ. आईचा कान बरोबर होता. शिवाय प्रोसेसरचं तापमान उड्या मारतं, म्हणून पंखा ९५० ते ११०० च्या दरम्यान सतत सरकत होता. सुरांत सांगायचं तर शुद्ध नीच्या आसपासपासून कोमल रे ओलांडून जवळजवळ शुद्ध रेपर्यंत. त्यातच बेअरिंगमधलं तेल वाळून खरखर सुरू झाली होती. पंखा बदलायचाच होता.

पहिली खरेदी फसली. बाजारातून घाईत एक दिव्यांचा पंखा आणला. तो थ्री-पिन, म्हणजे तीनच तारांचा होता. माझ्या मदरबोर्डवरची प्रोसेसरच्या पंख्याची जागा पीडब्ल्यूएमवर (चौथ्या तारेतून वेगाचा इशारा देण्याची पद्धत) लावलेली होती आणि थ्री-पिनला त्या इशाऱ्याची तारच नसते, त्यामुळे तो पूर्ण वेगाने भणभणत राहिला. बायोसमध्ये डीसी मोड (व्होल्टेज कमी करून वेग उतरवणारा) निवडल्यावर वेग उतरला, पण तापमान वर चढत गेलं. खोक्यावर हवेच्या प्रवाहाचा आकडा मोठा होता, मात्र तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, दाट पात्यांमधून हवा ढकलायला दाब लागतो. कॅबिनेटला मोकळी हवा पुरते, हीटसिंकला पुरत नाही, हे मला हजार वेळा वाचूनही हाताने केल्यावरच कळलं.

मग नीट निवडला तो नॉक्टुआचा एनएफ-पी१२ रिडक्स-१७००. १२० मिमी, २५ मिमी जाड, फोर-पिन, कमाल १७०० आरपीएम, स्थिर दाब २.८३ मिमी पाणी, सहा वर्षांची वॉरंटी. मला १,४५० रुपयांना पडला. घेण्याआधी एक काम नक्की करा: जुना पंखा पट्टीने मोजा. १२० मिमीच्या पंख्यात भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, ९२ मिमीच्या पंख्यात ८२.५. हीटसिंकच्या तारेच्या क्लिपा याच भोकांत अडकतात, म्हणून जुन्या क्लिपा फेकू नका, नव्या खोक्यात त्या नसतात. रिडक्समध्ये कोपऱ्यांची रबरंही येत नाहीत. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून लावल्या, आणि कॅबिनेटच्या पत्र्यात उतरणारी थरथर थांबली. पंखा बसवताना बाजू तपासा. मोटर धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते, म्हणजे ती बाजू हीटसिंककडे हवी.

पण पंख्याएवढंच काम बायोसमधल्या आलेखाने (किती तापमानाला किती वेग, हे ठरवणाऱ्या) केलं, हे मी ठासून सांगेन. वेग दुप्पट केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, हे खरं. तरी गाण्याच्या खोलीत डेसिबलपेक्षा वाईट असतं ते सरकणं. मी आलेखाची चढण काढून टाकली. ७० अंशांपर्यंत एकच वेग, पुढे एकच पायरी. या पंख्याला नऊ पाती आहेत, त्यामुळे ७७५ ते ७८० आरपीएमवर तो बरोबर आईच्या मंद्र सा-वर येतो. वीस-तीस फेरे इकडेतिकडे होतात, पण त्या वेगाला आवाज इतका बारीक असतो की तानपुरा सुरू झाला की तो विरघळून जातो. वरची पायरी ११६५ ला ठेवली आहे, तिथे पंचम येतो. आई म्हणाली, "आता हा ऐकतो माझं." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

एकदा अडलो. सुरुवातीला काम नसतानाचा वेग ४५० ठेवला होता, तर कॉम्प्युटर सुरू होताना पंख्याची चूक दाखवणारा संदेश यायचा, कारण माझ्या मदरबोर्डवर किमान मर्यादा ६०० होती. ती ३०० केली आणि प्रश्न मिटला. पंखा चांगला होता.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. ग्वाल्हेरात कूलर म्हटलं की सगळ्यांना खसच्या ताट्यांचाच आठवतो, आणि तो शिकवणीच्या वेळी बंद ठेवावा लागतो. सकाळी नऊलाच खोली ३६ अंशांवर जायची. मे-जूनच्या दुपारी मी त्याच मशीनवर रेकॉर्डिंग साफ करायचो, तेव्हा खोली ४० आणि माझा प्रोसेसर, रायझन ५ ३६००, भरल्या कामात ८२-८३ अंशांवर. फेब्रुवारीत खोली १६ असताना हेच काम ५८ ला व्हायचं. हीटसिंक कितीही भारी असला तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, फरक तेवढाच राहतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, म्हणून मी घाबरलो नाही.

मात्र मेमधल्या आंधीनंतर (धुळीच्या वादळानंतर) अचानक सहा अंश वाढले. पंखा काढून पाहिला तर हीटसिंकच्या तोंडावर धुळीचा जाड थरच बसला होता. पंख्यामागचा हा थर बाहेरून दिसत नाही. आता उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी क्लिपा सोडून रंगाच्या मऊ ब्रशने झाडतो. ब्लोअर वापरलात तर पाती बोटाने धरून ठेवा, झोताने पंखा उलटा वेगात फिरू देऊ नका.

बेअरिंगमधून अजून एकदाही खरखर आलेली नाही. परवा एका मुलीने तिकडून विचारलं, ताई, आज तुमच्याकडे लाईट गेलीय का, इतकं शांत कसं?